बाबांनी पारखून आणलेला साप

आमच्या घरातला तिसरा साप बाबांनी निवडला, आणि तो त्यांनी बैल निवडतात तसाच निवडला.

पहिले दोन माझे. (आधीच सांगते, म्हणजे वाचता वाचता कोणी वनखात्याला फोन करायला उठणार नाही. आपल्याकडचे साप पाळणं गुन्हा आहे. माझे साप आपल्याकडचे नाहीत. परदेशी जातीचे, बिनविषारी, पेटीतच जन्मलेले आणि सरकारी पोर्टलवर रीतसर नोंदवलेले आहेत. आमच्या दवनीवाडा गावात ज्यांचे सगळे कागद जागच्या जागी आहेत असे बहुधा ते दोघंच.) एक बॉल पायथन. घाबरला की अंगाची गुंडाळी करून डोकं आत लपवतो, म्हणून त्याचं नाव लाडू. दुसरा कॉर्न स्नेक, म्हणून तो मका.

मला ते आवडतात कारण ते काही विचारत नाहीत. मी लहानपणापासून कमी बोलते. गोंदियाच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की बाई रागवायच्या आणि गावात इंग्रजी शब्द तोंडून निघाला की पोरं हसायची. मी दोन्हीकडे गप्प बसायला शिकले. आता शिक्षण संपलं तरी सवय गेली नाही. पाहुणे आले की माझासुद्धा लाडू होतो.

तर मला तिसरा हवा होता. गोंदियात राकेशभैया नावाचे एकजण परवान्यानं असे साप वाढवतात. त्यांनी पाठवलेल्या फोटोत कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसलेलं एक राखाडी पिल्लू होतं. बाकीचे सगळे कॅमेऱ्याकडे पाहत होते. हे एकटंच पाहत नव्हतं. मी त्याला पाहताक्षणी ओळखलं. नातेवाइकांच्या लग्नातल्या प्रत्येक फोटोत मी अशीच असते!

पण घरात शेवटचा शब्द आईचा. आई सापांना घाबरते, तरी रोज सकाळी सडा टाकून झाला की त्यांची हजेरी घेते. तिला सगळंच मोजायची सवय आहे. कोंबड्या, बादल्या, वाळत घातलेले कपडे आणि शेवटी साप. खोलीच्या दारात उभं राहायचं, डोळ्यांवर हात ठेवायचा आणि बोटांच्या फटीतून पाहून म्हणायचं, "एक, दोन. हाय बापा दोनी."

तिसऱ्याचं विचारलं तेव्हा ती बराच वेळ कोथिंबीर निवडत राहिली.

"आन," शेवटी ती म्हणाली. "पन तीन म्हनजे तीन. चौथी शेपूट दिसली ना मिनू, तं त्या दिवशी एकूण एक साप घराबाहेर! नाई तं मी चालली नवेगावले." (नवेगाव बांध हे आईचं माहेर. तिथली मासळी आणि तिथला भाऊ या दोन गोष्टींवर ती कधीही, कितीही दिवस राहू शकते.)

"चौथी नाही दिसणार," मी म्हणाले.

"अन् मी गेली तं बाबाचा सैपाक तू करजो."

लाडू, मका आणि बाबांचं जेवण, असं सगळंच पणाला लागलं!

तेवढ्यात बाबा मधे पडले. "जनावर घरात येते तं पारखून आलं पायजे. मी येतो संगं."

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा धानाची शेती करतात, पण त्यांचं नाव आहे ते बैलांच्या पारखीसाठी. बाजारात बैल घ्यायचा असला की लोक त्यांना सोबत नेतात. ते दात पाहून वय सांगतात, चाल पाहून स्वभाव सांगतात आणि शेपटीवरून मालकाचा स्वभावसुद्धा सांगतात. पोळा तीन दिवसांवर आला होता आणि उत्कृष्ट बैलजोडीचे परीक्षक म्हणून गावानं यंदाही त्यांनाच नेमलं होतं. त्यामुळे त्या आठवड्यात त्यांना सगळं जग चार पायांवर दिसत होतं.

राकेशभैयांनी टेबलावर पाच पेट्या मांडल्या. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला, हात मागे बांधले आणि पेट्यांभोवती एक फेरी मारली.

"चालवून दाखवा."

"जी अंकल?"

"चाल पाहाची आहे. इकडून तिकडं चालवा एकेकाले."

राकेशभैयांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग पाची साप एकेक करून त्यांच्या हॉलच्या फरशीवरून चालवण्यात आले. बाबा उकिडवे बसून मान तिरपी करून पाहत होते.

"हा डाव्या अंगानं ओढते. हा बरा आहे, पन वशिंड नाई."

"अंकल, साँप को वशिंड नहीं होता।"

"तेच तं म्हनून राहिलो. पाठीत जोर कसा येईन?"

माझं राखाडी पिल्लू फरशीवर ठेवताच जिथे होतं तिथेच वेटोळं करून बसलं. मी मनात म्हटलं, चल रे, एवढा एकच दिवस चल! ते हललं नाही.

"हा तं बसकाच निघाला," बाबा म्हणाले. "काढा बाजूले."

मी तोंड उघडलं. "बाबा..."

"काय वो?"

राकेशभैया माझ्याकडे पाहू लागले. आतून त्यांची बायको चहा घेऊन आली, तीही पाहू लागली. म्हणजे झाले दोन अनोळखी चेहरे. दोन ही माझी मर्यादा आहे.

"काही नाही," मी म्हणाले.

मग पाचवा आला. शेंदरी रंगाचा, लांबलचक आणि चांगला गलेलठ्ठ. बाबांचे डोळे चमकले. "याले म्हनतात जनावर! खाल्ल्यापिल्ल्या घरचा दिसते. पोट पाह्य कसं भरलं आहे!"

मीही पोट पाहिलं. फुगवटा बरोबर मागच्या तिसऱ्या हिश्श्यात होता आणि त्यानंतर शेपटी एकदम बारीक होत गेली होती. ज्यानं सापांविषयी दोन पुस्तकं वाचली आहेत त्याला हे दुरूनही कळेल. हा नर नव्हता. ही मादी होती, आणि ती खाऊन जाडी झालेली नव्हती. तिच्या पोटात अंडी होती!

हे मोठ्यानं म्हणायला फक्त एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यात 'मादी', 'पोट' आणि 'अंडी' हे शब्द येत होते आणि समोर चहाचा ट्रे घेतलेली अनोळखी बाई उभी होती. मी काय केलं? बाबांपासून एक हात अंतरावर उभी राहून बाबांना व्हॉट्सॲप केलं. 'बाबा, ही मादी आहे. अंडी देणार आहे. प्लीज ते राखाडी पिल्लू घ्या.'

बाबांच्या खिशात टिंग वाजलं.

"मिनू, पाह्य बरं कोनाचा मेसेज आहे," बाबा म्हणाले, आणि मी उत्तर द्यायच्या आत पुढे, "राहू दे, मंग पाहतो. तोंड उघडा जी याचं."

"क्यों अंकल?"

"दात पाहाचे आहेत. दात नाई पाहाचे तं वय कसं कळन?"

"अंकल, साँप के दाँत नहीं गिनते!"

"तुमी नसान पाहत," बाबा म्हणाले, आणि ज्या सराईत हातानं त्यांनी आजवर अनेक बैलांचे ओठ वर केले, त्याच हातानं त्यांनी सापाचा ओठ वर केला.

सापानं अंगठा धरला.

बिनविषारी साप चावला तर विशेष काही होत नाही, सुया टोचल्यासारखं वाटतं. बाबांनी ना 'हाय' म्हटलं ना 'हुय'. अंगठ्याला लटकलेला साप डोळ्यांसमोर धरून त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "दात मजबूत आहेत. जवान आहे. घेऊ आपन."

भाव ठरवताना त्यांनी राकेशभैयांच्या हातावर दुपट्टा टाकला आणि आतून त्यांची बोटं धरली. बाजारात बैलाचा भाव असाच ठरतो, दुपट्ट्याखाली, एक शब्द न बोलता. राकेशभैयांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. "अंकल, मेरा हाथ क्यों पकड़े हो?" ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांच्या बायकोनंही विचारलं. शेवटी सुटका व्हावी म्हणून ते ज्याला हो म्हणाले तोच भाव ठरला!

घरी येईपर्यंत बाबांनी त्याचं नावही ठेवलं. पोवळ्यासारखा रंग, म्हणून पवळ्या.

"नवं जनावर आलं आहे. पायावर पानी टाका," बाबांनी अंगणातून आवाज दिला. नवा बैल घरी आला की आई त्याचे पाय धुते, कुंकू लावते, ओवाळते. आई तांब्या आणि कुंकू घेऊन बाहेर आली आणि पेटी पाहून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

"कोनत्या पायावर टाकू?"

"रीत आहे. टाक ना वो!"

आईनं तिथूनच तांब्यातलं पाणी फेकलं. ते सगळं बाबांच्या अंगावर गेलं. कुंकूही तिनं तिथूनच उधळलं. त्यामुळे पवळ्याऐवजी बाबांचाच गृहप्रवेश झाला.

संध्याकाळी मी पवळ्याच्या पेटीचं झाकण घट्ट लावून त्याला चिमटे लावले. बाबांनी माझ्या मागून जाऊन चिमटे काढले आणि झाकण हातभर सरकवलं. "नवीन जनावर आहे, गोठ्यात वारा खेळला पायजे. गुदमरन ना," असं त्यांनी नंतर सांगितलं. नंतर म्हणजे सकाळी, जेव्हा आम्ही दोघं रिकाम्या पेटीसमोर उभे होतो आणि अंगणात आईचा सडा टाकून होत आला होता.

"बाबा, आता?"

"कोंबड्या मोजून राहिली," बाबांनी खिडकीतून पाहून सांगितलं.

"बाबा, आता काय करायचं?"

"बादल्यावर आली."

आणि तेव्हा माझ्या बाबांनी, ज्यांच्या शब्दावर पंचक्रोशीतले लोक बैल घेतात त्या माणसानं, कमरेचा पट्टा सोडला.

तो पट्टा तांबूस रंगाचा, रेक्झिनचा, वर सापाच्या कातडीसारखी नक्षी असलेला होता. आईनंच त्यांच्यासाठी गोंदियाच्या बाजारातून आणला होता. बाबांनी त्याचं वेटोळं केलं, बकल खाली दडवलं आणि शेपटीकडचं टोक पाण्याच्या वाटीवर टेकवलं. मी वर एक वाळकं पान ठेवलं. (खोटेपणातसुद्धा काम नीट करावं, हे मी इंग्रजी शाळेत शिकले.)

आई दारात आली. डोळ्यांवर हात, बोटांची फट. "एक. दोन. तीन." तिनं बोटांची फट थोडी रुंद केली. "हा नवा लय शांत आहे बापा."

"खानदानी आहे," बाबा एका हातानं पॅन्ट धरून म्हणाले.

त्या दिवसापासून आमचा शोध सुरू झाला. आई घरात असली की आम्ही तो चेहऱ्यावर काही न दाखवता करायचो. मी कपाटाखाली बॅटरी मारली की बाबा पंखा पुसायचे आणि बाबा पलंगाखाली गेले की मी मोठ्यानं पेपर वाचायची. पवळ्या कुठेच नव्हता.

इकडे आईला पट्टा आवडायला लागला. दुसऱ्या दिवशी ती दारातून अर्धं पाऊल आत आली. "सरसर नाई, फिसफिस नाई. तुझ्या त्या दोघांनी काई शिकावं याच्यापासून." तिसऱ्या दिवशी मात्र तिला काळजी वाटू लागली. "हालत नाई, खात नाई. मिनू, याले नजर लागली!" आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या आईनं मीठ-मोहरी घेतली आणि दारातूनच पट्ट्याची नजर काढली. मोहरी विस्तवावर तडतडली तेव्हा म्हणाली, "पाह्य, किती लागली होती!"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे पाहत होते.

तिसरा दिवस म्हणजे पोळा. बाबांकडे पट्टा तो एकच. त्यांनी पॅन्ट पोत्याच्या सुतळीनं बांधली, वर सदरा सोडला आणि परीक्षक म्हणून तोरणाखाली गेले. पहिल्या तीन जोड्यांपर्यंत सुतळी टिकली. चौथ्या जोडीचे दात पाहायला ते वाकले आणि ती तुटली. बाबांनी एका हातानं पॅन्ट आणि दुसऱ्यानं बैलाचा जबडा धरून निकाल दिला! पण लगेच सत्कार होता आणि त्यात शाल-श्रीफळ होतं. श्रीफळ घ्यायला दोन हात लागतात. बाबांनी दोन्ही कोपर कमरेला घट्ट चिकटवून, फक्त पंजे पुढे करून नारळ घेतला. लोकांना तो विनय वाटला. शाल खांद्यावर पडताच त्यांनी ती झटकन कमरेला गुंडाळली आणि गाठ मारली. बाजूला उभा असलेला एकजण मला म्हणाला, "तुया बाबानं शाल अशी काऊन बांधली वो?" मी तोरणाची पानं मोजायला लागले.

"पट्टा कुठं गेला?" घरी आईनं विचारलं.

"तुटला."

"परवा तं धड होता. मीच आनला होता ना!"

"बैलानं खाल्ला," बाबा म्हणाले. आणि त्या घाईत त्यांच्या तोंडून त्यांच्याच आवडत्या जनावराची बदनामी झाली.

चौथ्या दिवशी सकाळी आई गाईला कोंडा घालायला परसात गेली. चुलीजवळ कोंड्याचं पोतं असतं, उबदार, तळाशी थोडं दमट. तिनं आत हात घातला आणि तशीच थांबली. मग, मी तिला कधीही इतकं शांतपणे बोलताना ऐकलं नव्हतं, अशा आवाजात म्हणाली, "मिनू. तुमचा पवळ्या अठी आहे वो."

मी धावत गेले. पोत्यात पवळ्या होता. जिवंत, धडधाकट, जीभ काढून पाहत होता! मला इतका आनंद झाला की मी आई कुठे गेली तेही पाहिलं नाही.

आई हजेरी घ्यायला गेली होती.

"एक," घरातून आवाज आला. "दोन. तीन." मग मोठा विराम. आणि मग: "अन् एक परसात! चार! चार झाले!"

आम्ही खोलीत पोचलो तोवर आईनं पिशवी काढली होती. तिच्यात दोन लुगडी, चष्मा आणि काही कारण नसताना उलथणं. "सांगितलं होतं ना म्या? चौथी शेपूट दिसली का सगळे बाहेर! बोलवा त्या गोंदियावाल्याले, नेऊन टाक म्हना सगळे. नाई तं मी चालली."

"अवो, तीनच आहेत!" बाबा म्हणाले.

"मले मोजता येत नाई का?"

लाडू आणि मका आपापल्या पेटीतून पाहत होते. मी बोलायला हवं होतं. मी खरंच तोंड उघडलं. पण आईचा तो चेहरा पाहून, अनोळखी नसतानाही, माझी मर्यादा संपली. शेवटी बाबा पुढे झाले, पेटीत हात घातला, खानदानी पवळ्याला बाहेर काढलं आणि आईच्या समोर कमरेला बांधलं. बकल लावलं. खट्.

आईनं एकदा पट्ट्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या पेटीकडे.

"म्या याची नजर काढली," आई हळूच म्हणाली.

"हौ."

"मोहरी तडतडली होती!"

"लागली असन नजर," बाबा म्हणाले. "पट्टा चांगला आहे."

यावर आई काय म्हणाली ते मी इथे लिहीत नाही. त्यात बाबा, बाबांची बैलांची पारख आणि राकेशभैया, सगळे आले. पवळ्याचा नंबर आला की नाही ते मला कळलं नाही, कारण तोवर त्याला उचलायला मी पुन्हा परसात गेले होते. मी कोंडा बाजूला केला. खाली पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली अंडी होती. आई मागून आली. ती मोजणारच.

"...नऊ, दहा, अकरा. पवळ्यानं अंडे देल्ले?"

"पवळी आहे ती," मी म्हणाले.

"तुले ठाऊक होतं?"

"मी बाबांना सांगितलं होतं. व्हॉट्सॲपवर."

बाबांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि चार दिवसांपूर्वीचा मेसेज मोठ्यानं, शेवटच्या प्लीजसकट वाचला. मग आईच्या नजरेला नजर न देता म्हणाले, "अंड्याले शेपूट नसते. नियमात बसते."

मी डोळे मिटले. लाडू गेला, मका गेला, पवळी गेली. आता आई पिशवी उचलेल असं वाटलं. पण ती पोत्याशी वाकून बघत होती, आणि पहिल्यांदाच डोळ्यांवर हात नव्हता. पवळी अंड्यांशेजारी सैल पडली होती. पोट खपाटीला गेलं होतं.

"कशी सुकली," आई म्हणाली. "ओली बाळंतीन आहे. घरातून बाळंतीन कोनी काढते का?" मग आमच्याकडे वळून एकदम जुन्या आवाजात, "उभे काऊन आहा? गरम जागा करा तिले!"

अशा रीतीनं नियम मोडूनही सगळे राहिले. आईच्या अटी फक्त दोन. एक, पट्टा परत पेटीत गेला पाहिजे. ("तोच एक गुनाचा आहे." बाबांनी नवा पट्टा घेतला.) आणि दोन, पिल्लं निघाली की एकूण एकाला चांगलं घर मी पाहायचं. फोन करून. तोंडानं. मेसेज चालणार नाही!

दोन महिन्यांनी अकरा अंड्यांतून नऊ पिल्लं निघाली. त्यातलं एक राखाडी आहे, आणि ते कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसतं. सगळ्यांची नोंदणी मी एका बैठकीत केली. फॉर्म भरताना बोलावं लागत नाही.

काल पहिला फोन लावला. आई शेजारी हाताची घडी घालून उभी होती.

"हॅलो?" पलीकडून आवाज आला. "हॅलो? कौन बोल रहा है? हॅलो?"

मी फोन कानाला धरून उभी होते. माझा पूर्ण लाडू झाला होता.

"बोलते का," आई म्हणाली, "का पट्ट्याले देऊ फोन?"

खोटं कशाला सांगू, मी पट्ट्याकडे आशेनं पाहिलं.